च्वी भाषेतली नातीगोती: सुरुवात मामापासून करा

घानाच्या च्वी भाषेतले नात्यांचे शब्द शिकायचे म्हटलं की बहुतेक जण एक इंग्रजी यादी उतरवून घेतात. अंकलला हे म्हणतात, आंटला ते, कझिनला अमुक. मराठी माणसाने हा द्राविडी प्राणायाम करण्याचं काही कारण नाही. इंग्रजीतल्या एका अंकलमध्ये आपले मामा, काका, मावसोबा सगळे कोंबलेले असतात. च्वीमध्ये मामाला वेगळा शब्द आहे आणि आत्यालाही वेगळा, अगदी आपल्यासारखा. म्हणून मराठीतून थेट च्वीत शिरा, अर्धं काम आधीच झालेलं आहे. उरलेल्या अर्ध्यात मात्र मराठी पायात पाय घालते. ते कुठे, तेही पुढे ओघात येईलच.

आधी थोडी ओळख. रोमन लिपीतलं नाव पाहून आपल्याकडे 'ट्वी' असं वाचतात, पण बोलणारे ओठांचा चंबू करून 'च्वी' म्हणतात. ही अकान लोकांची भाषा. कुमासी आणि आसपासच्या भागात तिचं असांते रूप चालतं, अक्राच्या उत्तरेला अक्रोपोंगच्या डोंगराळ भागात अकुआपेम रूप, आणि केप कोस्टच्या किनाऱ्यावर तिची सख्खी बहीण फांते. राजधानी अक्राची मूळ भाषा 'गा' आहे, पण तिथल्या बाजारात आणि त्रोत्रो नावाच्या प्रवासी गाड्यांमध्ये च्वी सर्रास ऐकू येते. अक्रा किंवा जवळच्या टेमा या बंदराच्या शहरी नोकरीसाठी निघालेल्या माणसाला तिचा उपयोग रोजचा. इथे मी असांते रूपं धरून चाललो आहे.

पायरी पहिली: कान आणि जीभ

च्वी रोमन लिपीत लिहितात, त्यात दोन अक्षरं जादा आहेत. एक उलट्या सीसारखं दिसतं, त्याचा उच्चार आपला 'ऑ'. दुसरं उलटा फिरवलेल्या इंग्रजी तीनसारखं, त्याचा उच्चार 'ए' आणि 'ॲ' यांच्या मधला. इथे मी त्यासाठी 'ॲ' लिहिलं आहे, पण तोंड 'बॅट' म्हणताना उघडतं तितकं उघडू नका.

मग जोडाक्षरं. के आणि वाय एकत्र आले की 'च', जी आणि वाय एकत्र आले की 'ज'. मात्र हा च 'चार'मधला, 'चमचा'मधला नव्हे, आणि ज 'जीव'मधला, 'जाड'मधला नव्हे. आपल्याकडे हे दोन्ही उच्चार असल्यामुळे फरक सांगावा लागत नाही, फक्त योग्य तो निवडावा लागतो. म्हणून वडिलांसाठीचा शब्द मी 'अज्या' असा लिहितो. फ दात ओठाला लावून म्हणायचा, 'फॅन'मधला.

स्वराची लांबी मनावर घ्या. 'ऑबा' म्हणजे मूल, आणि शेवटचा स्वर लांबवून 'ऑबाऽ' म्हटलं तर बाई. अनेकवचनातही तेच: 'म्मा' म्हणजे मुलं, 'म्माऽ' म्हणजे बायका. या लेखात जिथे ऽ दिसेल तिथे स्वर खरोखर ओढा.

तिसरी गोष्ट सूर. च्वी ही सुरांची भाषा आहे, स्वर वरच्या पट्टीत म्हटला की खालच्या यावर अर्थ ठरतो. याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण नेमकं नात्यातलंच आहे. 'पापा' हा शब्द दोन्ही स्वर वर ठेवून म्हटला तर 'चांगला', पहिला खाली आणि दुसरा वर गेला तर 'वडील', आणि दोन्ही खाली राहिले तर हातपंखा. घाबरायचं कारण नाही, 'माझे पापा कुमासीचे' म्हटल्यावर कोणी पंखा समजणार नाही. पण प्रत्येक नवा शब्द कोणाच्या तरी तोंडून ऐकूनच पाठ करा, नुसता कागदावरून नको.

पायरी दुसरी: माझा, तुझा, त्याचा

नात्याचा शब्द एकटा फारसा येत नाही, तो कोणाचा तरी असतो. त्यामुळे सुट्टे शब्द घोकण्याआधी हे सहा तुकडे बसवा: मि (माझा, माझी), वो (तुझा), नि (त्याचा, तिचा), यॅन (आमचा), मो (तुमचा, अनेकांचा), वॉन (त्यांचा). पहिला तर आपल्या 'मी'चा भाऊच वाटतो, लक्षात ठेवायला सोपा.

यात एक मोठी सूट मिळते. च्वीमध्ये 'तो' आणि 'ती' असा भेद नाही. दोघांनाही क्रियापदाआधी 'ऑ' लागतं, 'नि' दोघांचंही. क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. 'माझा-माझी-माझे' हा खटाटोप संपला.

पुढचा शब्द अ-कारासारख्या स्वराने सुरू होत असेल तर 'मि'मधली इ गळते. मि आणि अज्या मिळून 'मज्या', माझे वडील. सासू किंवा सासऱ्यांना 'असे' म्हणतात, म्हणून माझे सासरे 'मसे' आणि त्याचे सासरे 'नसे'. मराठी कानाला हे गमतीचं लागतं, पण त्यामुळेच विसरत नाही.

अनेकवचनासाठी नात्याच्या शब्दांना बहुधा 'नोम' जोडतात: नुआ (भावंड), नुआनोम (भावंडं). नाना, नानानोम. मूल या शब्दाचं 'म्मा' तेवढं वेगळं पाठ करावं लागतं.

पायरी तिसरी: घरातले पाच शब्द

मामे, पापा, नुआ, बा, नाना. एवढ्यावर पहिला आठवडा सहज निघतो.

*मामे* म्हणजे आई. मामेभावातल्या 'मामे'शी याचा काही संबंध नाही, ती गाठ पहिल्याच दिवशी सोडवून टाका. जुन्या वळणाचे शब्द 'ॲना' आणि 'एनो' हेही ऐकू येतील.

*पापा* किंवा *अज्या* म्हणजे वडील. दुसरा शब्द जास्त भारदस्त. इथे मराठी पाय अडकवते: आपला 'आजा' आजोबा, त्यांचा 'अज्या' बाप. फांते बोलणाऱ्यांकडे तोच 'एज्या' होतो.

*नुआ* म्हणजे भाऊही आणि बहीणही. स्पष्ट करायचं असेल तर पुढे बरिमा (पुरुष) किंवा बाऽ (बाई) लावा: नुआबरिमा, नुआबाऽ. गरज नसेल तर लावत नाहीत. 'मि नुआ' म्हटलं की काम भागतं.

*बा* म्हणजे अपत्य. मुलगा बाबरिमा, आणि मुलगी... बाबाऽ. हो, 'मि बाबाऽ' म्हणजे माझी लेक. शेवटचा स्वर ओढून म्हणा आणि बापाचं चित्र डोक्यातून काढून टाका. अकुआपेमकडे 'बाबेआ' असंही म्हणतात, गोंधळ टाळायचा तर ते रूप वापरा. कोणाचंही नसलेलं, सर्वसाधारण लहान मूल 'अबोफ्रा', अनेक असतील तर 'म्मोफ्रा'.

*नाना* हा शब्द सगळ्यात ऐसपैस. आजोबा नाना, आजी नाना, आणि नातवंडही नाना. दोन्हीकडून एकच शब्द. कोण कोणाशी बोलतंय यावरून अर्थ कळतो. वेगळं सांगायचं तर नाना बरिमा आणि नाना बाऽ. शिवाय राजे, राणीमाता, गावचे प्रमुख यांच्या नावाआधीही सन्मानाने नानाच लागतं, आणि 'नानानोम' म्हटलं की त्यात पूर्वजही आले. आपल्या नाना फडणविसांची आठवण येणं साहजिक आहे, पण च्वीतल्या नाना बाईसुद्धा असू शकतात. बातमीत 'नाना' वाचलं की पुढचं नाव बघितल्याशिवाय तो पुरुष ठरवू नका.

पायरी चौथी: वॉफा आणि सेवाऽ

आता खरा गाभा. इथे घाई करू नका, एक आख्खा आठवडा द्या आणि कागद-पेन घेऊनच बसा.

कागदाच्या मध्यभागी स्वतःला मांडा. वर आई-वडील. आईच्या बाजूला तिचे भाऊ-बहिणी, वडिलांच्या बाजूला त्यांचे. आता प्रत्येकाला च्वीतून हाक मारायची.

आईचा भाऊ: *वॉफा*. आपला मामा, तंतोतंत.

वडिलांची बहीण: *सेवाऽ*. आपली आत्या, तंतोतंत.

आईची बहीण: *मामे*. इथे मराठी थांबते. मावशीला वेगळा शब्द नाही, तीही आईच. आईपेक्षा मोठी असेल तर मामे पानिन, धाकटी असेल तर मामे कुमाऽ. आपल्याकडची 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण अकान घरात नुसती म्हण राहत नाही, ती हाकेतच उतरलेली आहे.

वडिलांचा भाऊ: *अज्या* किंवा पापा. काकासाठीही वेगळा शब्द नाही, तोही बापच, थोरला किंवा धाकटा.

नियम एका ओळीत बसतो: आईबापांचं सख्खं भावंड त्यांच्याच लिंगाचं असेल तर तेही आई किंवा बाप, विरुद्ध लिंगाचं असेल तर त्याला खास शब्द.

हाच नियम एक पिढी खाली आणा. मावशीची मुलं म्हणजे 'आई'चीच मुलं, म्हणून ती नुआ. काकांची मुलंही नुआ. मामाची मुलं मात्र *वॉफा बा*, आत्याची *सेवाऽ बा*. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटायला हवं. आपल्याकडेही कित्येक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी-मुलीशी लग्न चालतं, पण चुलतबहीण किंवा मावसबहीण म्हणजे बहीणच, तिथे प्रश्नच येत नाही. असांते लोकांतही परंपरेने मामे-आते भावंडांची लग्नं पसंतीची, आणि मावस-चुलत ती भावंडं. शब्दांची विभागणी आणि सोयरिकीची विभागणी एकाच रेषेवरून जाते. हे डोक्यात बसलं की चार्ट पाठ करण्याची गरज उरत नाही. शहरातली आजची मंडळी मामेभावंडांनाही सरळ 'मि नुआ' म्हणतात, तेव्हा बोलताना नुआ वापरलंत तर कोणी हसणार नाही.

आता उलट्या बाजूने बघा. पुरुषाच्या बहिणीचं मूल, म्हणजे भाचा किंवा भाची, हे *वॉफासे*. भावाचं मूल मात्र पुतण्या-पुतणी वगैरे काही नाही, ते सरळ 'मि बा'. बाईला बहिणीचं मूलही 'मि बा'. त्यामुळे घानाचा एखादा मित्र 'माझा मुलगा' म्हणून पंचविशीतल्या तरुणाची ओळख करून देईल आणि स्वतः तिशीचा असेल, तर गणित मांडत बसू नका.

मग खरी जन्मदाती आई कोण हे विचारायचं कसं? 'मि मामे आ ऑवोऽ मि', मला जन्म देणारी माझी आई. आणि सख्खं भावंड सांगायची वेळ आली की घानातले लोक इंग्रजीतच 'सेम फादर, सेम मदर' म्हणून मोकळे होतात. हा प्रयोग कानावर इतका पडतो की तो त्यांच्याच बोलीचा भाग मानायला हरकत नाही.

पायरी पाचवी: अबुसुआ कोणाची?

शब्दकोशात *अबुसुआ*पुढे 'कुटुंब' असं लिहिलेलं सापडतं. ते अपुरं आहे. अबुसुआ म्हणजे आईकडून चालत आलेलं कूळ. मूल आईच्या अबुसुआचं, बापाच्या नव्हे. अशी आठ मोठी कुळं सांगतात: ओयोको, ब्रेतुओ, असोना, अगोना, अदुआना, असेनिए, एकुओना आणि असाच्यिरी. एकाच अबुसुआत लग्न करायचं नाही, आपल्या सगोत्रासारखं. फरक असा की गोत्र बापाकडून येतं आणि लग्नानंतर आपल्याकडे बाई नवऱ्याच्या कुळात जाते. अकान बाई लग्नानंतरही आपल्या आईच्याच अबुसुआत राहते.

तो मघाचा कागद पुन्हा काढा आणि एक रंगीत पेन्सिल घ्या. आई रंगवा. तिची आई, तिचे भाऊ-बहिणी रंगवा. स्वतःला आणि सख्ख्या भावंडांना रंगवा. मावशीची मुलं रंगवा. बहिणीची मुलं रंगवा. आता थांबा. वडील कोरे राहिले. मामा रंगला पण मामाची मुलं कोरी, कारण ती त्यांच्या आईच्या अबुसुआची. आणि तुम्ही पुरुष असाल तर तुमची स्वतःची मुलंही कोरीच राहिली.

हे चित्र समोर ठेवलं की वॉफाचं वजन कळतं. पुरुषाच्या कुळातली पुढची पिढी म्हणजे त्याची मुलं नाहीत, त्याच्या बहिणीची मुलं आहेत. गादीही त्याच वाटेने जाते. असांतेंचा राजा, असांतेहेने, ओयोको कुळातला. आजचे असांतेहेने ओसेई तुतू दुसरे 1999 मध्ये गादीवर आले, तेव्हा त्यांच्या आई नाना आफिया कोबी या असांतेहेमाऽ, म्हणजे राणीमाता, होत्या. 1977 पासून 2016 मध्ये निधन होईपर्यंत ते पद त्यांच्याकडे होतं. राणीमाता म्हणजे राजाची बायको असं आपण गृहीत धरतो, ते इथे साफ चुकतं. ती कुळातली बाई, राजाची आई किंवा बहीण वगैरे, आणि नव्या राजाचं नाव सुचवण्याचा मान तिचा.

मालमत्तेचंही तसंच. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर रूढीप्रमाणे त्याची कमाई अबुसुआकडे, म्हणजे भाऊ-भाच्यांकडे जायची, आणि बायको-मुलं बघत राहायची. 1985 च्या वारसा कायद्याने बायको आणि मुलांचा हक्क ठरवून दिला. तरीही घराघरातल्या भांडणांत वॉफा, वॉफासे, अबुसुआ हे शब्द अजून तापलेले असतात. घानाच्या मालिका बघताना मामा-भाचा आणि विधवा एका खोलीत आले की कान टवकारा, शब्दांचा सराव फुकट होतो.

कुळाच्या प्रमुखाला *अबुसुआपानिन* म्हणतात, नातेवाईक मंडळींना *अबुसुआफोऑ*. या सगळ्यावर एक अकान म्हण आहे: कुटुंब हे जंगल आहे, लांबून गच्च एकच दिसतं, जवळ गेलं की प्रत्येक झाडाची जागा वेगळी असल्याचं कळतं.

पायरी सहावी: सासर

इथे मराठीची ऐट चालत नाही, त्यांची यादी आपल्यापेक्षा बरीच आखूड आहे.

नवरा *कुनु*, बायको *येरे*. मि कुनु, मि येरे. सासू आणि सासरे दोघेही *असे*; वेगळं करायचं तर पुढे बरिमा किंवा बाऽ. पुरुषाचा मेहुणा, मग तो बायकोचा भाऊ असो की बहिणीचा नवरा, *अकोन्ता*. नणंद आणि भावजय एकमेकींच्या *अकुमाऽ*. अकोन्ता हा शब्द दोस्तीतही चालतो, एखाद्याच्या बहिणीचं कौतुक करायचं झालं की तिच्या भावाला अकोन्ता म्हणून चिडवतात. तुम्ही नवखे आहात तोवर हा प्रयोग करू नका.

सवतीला शब्द आहे: *कोरा*.

पायरी सातवी: थोरला, धाकटा, जुळा

पानिन म्हणजे थोरला आणि कुमाऽ म्हणजे धाकटा, हे वर आलंच. नुआ पानिन, नुआ कुमाऽ. दादा, ताई असे वेगळे शब्द नाहीत, हेच दोन सगळीकडे लावायचे.

जन्माचा क्रम मात्र नावातच बसतो. पहिलं अपत्य पिएसिए, दुसरं मानु, तिसरं मेन्सा, चौथं अनान, आणि शेंडेफळ काच्यिरे. जुळ्यांना अता म्हणतात, त्यातला एक पानिन, दुसरा काक्रा. जुळ्यांच्या पाठचं मूल ताविया. शिवाय प्रत्येकाला जन्मवाराचं नाव असतंच: शुक्रवारचा मुलगा कोफी, गुरुवारचा याव, शनिवारचा क्वामे, शनिवारची मुलगी अमा, रविवारची अकोसुआ. एकदा ही किल्ली हातात आली की नावं आपोआप उघडतात. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अता अन्नान घ्या. कोफी, शुक्रवारी जन्मलेला. 8 एप्रिल 1938 हा शुक्रवारच होता. अता, जुळा, त्यांच्यासोबत बहीण जन्मली होती. अन्नान, चौथा. ब्रिटिशांविरुद्ध 1900 मध्ये उभी राहिलेली, असांते मुलखातल्या एजिसू गावची राणीमाता याऽ असांतेवाऽ, तिच्या नावातली याऽ म्हणजे गुरुवारची मुलगी. चौथा, तिसरा हे पुढे आडनावासारखं वापरलं जातं, त्यामुळे आज मेन्सा नावाचा प्रत्येक जण तिसरा असेलच असं नाही.

नाव आणि नातं जोडताना क्रम उलटा करा. आपण सुरेशमामा म्हणतो, ते वॉफा कोफी म्हणतात. नातं आधी, नाव नंतर: वॉफा याव, सेवाऽ अकोसुआ, नाना अमा. मराठी जीभ पहिले काही दिवस 'कोफीवॉफा' म्हणू पाहते, तिला आवरा.

पायरी आठवी: वाक्यात घाला

चार-पाच साचे पुरेत, शब्द बदलत राहा.

'ह्वान नि ओयि?' हा किंवा ही कोण? फोटो दाखवून हा प्रश्न विचारला की तासभर सराव होतो.

'ऑयॅ मि नुआ.' तो माझा भाऊ आहे, किंवा ती माझी बहीण आहे.

'नि दिन दे अमा.' तिचं नाव अमा.

'मिवॉ नुआनोम बाऽसा.' मला तीन भावंडं आहेत. माणसं मोजताना आकड्यांची वेगळी रूपं लागतात: बाऽको, बाऽनु, बाऽसा, म्हणजे एक जण, दोघं, तिघं. आपणही दोन-तीन सोडून दोघं-तिघं म्हणतोच.

'मिन्नि बा.' मला मूल नाही. 'आहे'साठी वॉ आणि 'नाही'साठी न्नि, ही जोडी एकत्रच पाठ करा.

'मि मामे फिरि कुमासि.' माझी आई कुमासीची.

एक पथ्य. 'वो मामे' म्हणजे 'तुझी आई', पण हे दोनच शब्द तडकाफडकी उच्चारले तर घानात ती शिवी होते. आपल्याकडे कोणी नुसतं 'तुझ्या आयला' म्हणावं तशी. म्हणून आईबद्दल बोलताना वाक्य पूर्ण करा आणि सुरात आपुलकी ठेवा: 'वो मामे हो ते सॅन?' तुझी आई कशी आहे? उत्तर येईल 'नि हो यॅ', बरी आहे. आधी 'मिपा वो च्यॅव', म्हणजे कृपा करून, जोडलंत तर आणखी सुरक्षित.

पायरी नववी: नमस्काराला उत्तर

नात्याचे शब्द नातेवाईक नसलेल्यांनाही लागतात, आणि ते रोज. सकाळी 'माच्ये', दुपारी 'माहा', संध्याकाळी 'माज्वो' म्हणून कोणी अभिवादन केलं तर तेच शब्द परत फेकायचे नसतात. उत्तर समोरच्याच्या वयावरून ठरतं. वडीलधारा पुरुष असेल तर 'याऽ अज्या', वडीलधारी बाई असेल तर 'याऽ ॲना', बरोबरीचा असेल तर 'याऽ अनुआ', लहान असेल तर 'याऽ ऑबा'. म्हणजे बाप, आई, भावंड, मूल. तिसऱ्या पायरीतले शब्द इथे एका क्षणात निवडावे लागतात, आणि माझ्या मते सरावाची याहून चांगली जागा नाही. वय ओळखता येत नसेल तर एक पायरी वर जा. पन्नाशीच्या माणसाला अज्या म्हटल्याने कोणी नाराज होत नाही, ऑबा म्हटल्याने होईल. हात पुढे करायचा तो उजवा, डावा नाही.

पायरी दहावी: भिंतीवरचा सराव

घानात असाल, किंवा तिथले फोटो तुम्हाला मिळत असतील, तर अंत्यसंस्काराची पोस्टरं वाचा. मोठी, रंगीत, भिंतींवर आणि खांबांवर चिकटवलेली. वर मृत व्यक्तीचा सजलेला फोटो आणि वय, खाली नात्यांची रांगच्या रांग: अबुसुआपानिन अमुक, विधवा, मुलं, भावंडं, भाचे-भाच्या, नातवंडं, आणि प्रत्येकापुढे नावं. बराच मजकूर इंग्रजीत असतो, पण अबुसुआपानिन, नाना, ओपानिन (वडीलधारा) असे शब्द जसेच्या तसे राहतात. एक पोस्टर घ्या. इंग्रजी शीर्षक झाका आणि प्रत्येक गटाला च्वी शब्द द्या. भाच्यांच्या यादीपाशी थांबा: ही बहिणीची मुलं असतील तर पुरुषासाठी वॉफासेनोम, भावाची असतील तर म्मा. इंग्रजी यादीत दोन्ही एकत्र लिहिलेली असतात, तेव्हा उत्तर पोस्टरवर मिळत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारावं लागतं.

घानात नसाल तर स्वतःच्या घरातल्या लग्नाचा ग्रूप फोटो काढा, ज्यात दोन्हीकडची मंडळी आहेत असा. प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून 'ऑयॅ मि...' म्हणत जा. मामा, आत्या झटकन निघतील. मावशी आणि काकांपाशी जीभ अडेल, साडू आणि जावेपाशी शब्दच मिळणार नाहीत, तिथे 'मि येरे नि नुआबाऽ नि कुनु', माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा, अशी साखळी लावावी लागेल. ती लावायला जमली की 'नि' पक्कं बसलं असं समजा. मग च्वी बोलणाऱ्या कोणाला तरी तो फोटो दाखवा आणि प्रश्न विचारायला सांगा. पहिला प्रश्न बहुधा हाच येईल: यातला वॉफा कोणता?